दिवस मावळल्यावरची पंधरा मिनिटे



येत्या ३१ जुलैला संत इग्नेशियस लोयोला यांचा सण आहे. आपल्या धर्मग्रामात त्या दिवशी ना नोव्हेना असते, ना मिरवणूक. सकाळच्या मिस्सेत त्यांचे नाव घेतले जाते आणि लोक आपापली लोकल पकडायला निघून जातात. तरीही या आठवड्यात आम्ही त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहोत, आणि त्याला कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे. ती आधी सांगून टाकतो. जिच्या बाबतीत ती घडली त्या भगिनीने लिहायला परवानगी दिली आहे. नाव मात्र लिहू नका म्हणाल्या.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही ऑफिसात बसून मिस्सांच्या वहीत नावे लिहून घेत होतो. एका हातात पेन, आणि खांदा व कान यांच्यामध्ये दाबून धरलेला मोबाइल. चर्चच्या छपराला गळती लागली होती आणि कंत्राटदार सापडत नव्हता. त्या दिवशी तो फोनवर सापडला होता. एक बाई आल्या. छत्री दाराबाहेर उभी केली, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, “फादर, महिन्याची मिस्सा लावायची आहे.” आम्ही मान वर न करताच विचारले, “कोणासाठी? नाव सांगा.” त्या काहीच बोलेनात. आम्ही कंत्राटदाराला “एक मिनिट” म्हणून पुन्हा विचारले, “नाव?” तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “फादर, मैतीला तुम्हीच होता.”

आम्ही वर पाहिले. बरोबर तीस दिवसांपूर्वी आम्हीच त्यांच्या पतीचा अंत्यविधी केला होता. प्रवचनात त्यांचे नाव चार-पाच वेळा घेतले होते. पावसात चिखल तुडवत दफनभूमीपर्यंत गेलो होतो. आणि आता त्यांच्या विधवेला आम्ही नाव विचारत होतो, जसे रेशनच्या दुकानात विचारतात तसे. त्या रागावल्या नाहीत. नाव सांगितले, मिस्सेचे पैसे ठेवले, छत्री उघडली आणि गेल्या. त्या रागावल्या असत्या तर आम्हाला बरे वाटले असते.

त्या रात्री झोप लागली नाही. आधी आम्ही स्वतःची समजूत घातली, की महिन्याला इतके अंत्यविधी, इतकी लग्ने, इतके बाप्तिस्मे; कोणा-कोणाचे नाव लक्षात ठेवणार? पण खरे कारण ते नव्हते. खरे कारण हे की अंत्यविधीच्या दिवशीही आम्ही तिथे नव्हतो. शरीराने होतो. ओठांनी प्रार्थना म्हणत होतो. मन मात्र संध्याकाळच्या मीटिंगमध्ये जाऊन बसले होते. जे आपण मुळात पाहिलेच नाही ते विसरलो असे तरी कसे म्हणायचे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हाला झाँ-पॉल सार्त्र नावाचा फ्रेंच तत्त्वज्ञ अभ्यासाला होता. हा गृहस्थ देव मानणारा नव्हता, आणि त्याची बरीच मते आम्हाला आजही पटत नाहीत. पण १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मोठ्या ग्रंथात त्याने हॉटेलातल्या एका वेटरचे वर्णन केले आहे, ते आम्ही विसरलेलो नाही. त्या वेटरचे चालणे जरा जास्तच चटपटीत, वाकणे जरा जास्तच अदबशीर, ट्रे धरणे जरा जास्तच सफाईदार. तो वेटरचे काम करत नाही. तो वेटर असल्याचे नाटक करतो, आणि स्वतःच त्या नाटकावर विश्वास ठेवतो. वर्गात आम्ही सारे हसलो होतो. त्या रात्री ट्रेच्या जागी मिस्साग्रंथ दिसला आणि वेटरच्या जागी पांढरा झगा घातलेले आम्ही.

नाटक करणारे आम्ही एकटे नाही, असे म्हटले तर राग मानू नका. घरात वडिलांचे नाटक करणारे वडील असतात: आवाज चढवला, फी भरली, काम संपले. सासूचे नाटक करणाऱ्या सासवा असतात. आजाऱ्याला भेटायला जाऊन भेटीचे नाटक करणारे आपण सगळेच असतो. सफरचंदांची पिशवी टेबलावर ठेवायची, “काळजी घ्या” म्हणायचे, घड्याळाकडे पाहायचे. दिवस साधा असतो तोवर हे खपून जाते. दिवस बदलतात तेव्हा उघडे पडते. निवृत्त झालेला माणूस सकाळी उठून बसतो. पस्तीस वर्षे गाडीची वेळ सांभाळली, आता कोणती वेळ सांभाळायची ते कळत नाही. मुलगा कॅनडाला गेलेली आई दोघांच्या घरात चौघांचा भात शिजवते. वडिलांच्या हातचे कौलारू घर पाडून त्या जागी इमारत उभी राहते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये म्हातारा माणूस ओटा शोधत फिरतो. हे बदल पाप नव्हेत, पुण्यही नव्हेत. पण त्यांतून जाणारा माणूस ‘मी कोण?’ असे मनातल्या मनात विचारत असतो, आणि आपल्याला तो प्रश्न ऐकू येत नाही.

इग्नेशियस यांच्याकडे वळू या. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या लोयोला या गढीत १४९१ साली जन्मलेला हा तरुण तिशीपर्यंत संत वगैरे अजिबात नव्हता. उत्तम पोशाख, तलवार, मानमरातब आणि एका उच्चकुलीन स्त्रीची मर्जी ही त्याची स्वप्ने. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या किल्ल्याच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्याचा एक पाय मोडला, दुसराही जखमी झाला. घरी आणल्यावर हाड नीट बसले नाही म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. मग गुडघ्याखाली हाडाचा एक उंचवटा राहिला. घट्ट बूट घालायला तो आड येईल म्हणून त्याने तेवढे हाड करवतीने कापून घेतले. भूल देण्याचे औषध त्या काळी नव्हते, हे लक्षात घ्या. दिसण्यासाठी माणूस काय काय सोसतो! आपल्याकडच्या लग्नातले कर्ज आठवले म्हणून हसू आले, ते असो.

अंथरुणावर कित्येक महिने काढायचे होते. त्याने वाचायला शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. होते ते ख्रिस्ताचे एक चरित्र आणि संतांच्या कथा. नाइलाजाने तेच वाचू लागला. आणि येथे ती गोष्ट घडली जिच्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. चमत्कार झाला नाही, आकाशवाणी झाली नाही. त्याने फक्त एक गोष्ट टिपली. शौर्याची आणि त्या स्त्रीची स्वप्ने रंगवताना त्याला तासन्‌तास गोड वाटे. पण स्वप्न संपले की मन कोरडे पडे, खिन्न होई. उलट, संतांप्रमाणे अनवाणी यरुशलेमला जावे, कंदमुळांवर राहावे असे विचार आले की तेव्हाही आनंद होई आणि विचार संपल्यानंतरही तो टिकून राही. दोन्ही विचार सुखाचेच. फरक नंतरच्या चवीत होता. औषध आणि गोळी-बिस्कीट यांतला फरक जिभेला लगेच कळतो, पोटाला नंतर कळतो, तसे काहीसे.

‘नंतरची चव’ हे शब्द आमचे आहेत, पण इग्नेशियस यांनी पुढे जी साधना जगाला दिली तिचे मूळ यातच आहे. परमगुरुस्वामी तिसरे पौल यांनी १५४८ साली मान्यता दिलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या लहानशा पुस्तकात दिवसाचे परीक्षण कसे करावे हे पाच पायऱ्यांत सांगितले आहे. आजारी येशूसंघीयाला इतर प्रार्थनांतून सूट मिळे, पण या परीक्षणाला ते फार जपत.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. परीक्षण म्हटले की आपल्याला कुमसाराआधीची तयारी आठवते. दहा आज्ञा एकामागून एक घ्यायच्या आणि बोट ठेवत जायचे: खोटे बोललो, शिवी दिली, रविवारची मिस्सा चुकवली. ती तयारी हवीच. पण इग्नेशियस पहिली पायरी पापाची सांगत नाहीत. ते म्हणतात, आधी आभार माना. हा क्रम आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो. ज्याला आपण वाईटच आहोत असे वाटत असते तो आरशात नीट पाहू शकत नाही, आणि ज्याला आपण चांगलेच आहोत असे वाटते तोही पाहू शकत नाही. ज्याला काही मिळाले आहे, तोच निर्धास्तपणे डोळे उघडतो. आणि आभार मोघम मानू नयेत. ‘सर्व कृपादानांबद्दल धन्यवाद’ असे म्हटले की देवाच्या वहीतही आपण नाव न विचारता सही केल्यासारखे होते. आज मासळीवाल्या बाईने एक मासा जास्त घातला, नातवाने पहिल्यांदा नाव घेऊन हाक मारली, गुडघा कमी दुखला. असे एकेक नाव घेऊन आभार मानावेत.

दुसरी पायरी प्रकाश मागण्याची. तिच्याविषयी एवढेच की ती विसरू नये, नाहीतर पुढचे सगळे आपणच आपल्याशी केलेले बोलणे होते.

तिसरी पायरी मुख्य. सकाळी डोळे उघडल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने पुन्हा पाहायचा. घाई नको. विहिरीत पडलेली कळशी गळ टाकून काढतात तसे हळूहळू. कुठे मन उजळले? कुठे आकसले? कोणाशी बोलताना आपण खरे होतो आणि कोणाशी बोलताना नाटक चालले होते? पुष्कळदा मोठ्या घटनेत काही सापडत नाही आणि एखाद्या क्षुल्लक ठिकाणी गळ अडकतो. आमचा तो ऑफिसातला प्रसंग दिवसाच्या मानाने दोन मिनिटांचा होता. कंत्राटदाराशी बोलणे वीस मिनिटांचे.

संत लूकने सांगितलेली अम्माउसच्या वाटेवरची गोष्ट आपण पुनरुत्थानकाळात दर वर्षी ऐकतो. दोघे शिष्य निराश होऊन यरुशलेम सोडून चालले आहेत. प्रभू स्वतः बरोबर चालतो, बोलतो, आणि त्यांना तो ओळखू येत नाही. भाकर मोडताना ओळखू येतो आणि दिसेनासा होतो. मग ते एकमेकांना विचारतात, की वाटेत तो बोलत होता तेव्हाच आपले अंतःकरण पेटले नव्हते का? हे परीक्षणच आहे. चालताना कळले नाही. मागे वळून पाहिल्यावर कळले. आणि कळल्यावर ते रात्रीच उठून आल्या वाटेने परत गेले. आम्हाला नेहमी वाटते, त्या वाटेवर त्यांनी त्या बोलण्याची आठवण काढली नसती तर ते जेवून झोपी गेले असते.

चौथी पायरी क्षमेची आणि पाचवी उद्याची. उद्याची पायरी लहान ठेवावी. ‘उद्यापासून रागावणार नाही’ हा संकल्प नव्हे, ही निवडणुकीतली घोषणा झाली. ‘उद्या ऑफिसात कोणी आले तर मोबाइल खाली ठेवीन’ हा संकल्प. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणून उठावे. सगळे मिळून पंधरा मिनिटे.

आपल्यातले काही तरुण इगतपुरीला दहा दिवस मौन पाळून आले आहेत. काहीजण मोबाइलवरच्या अ‍ॅपने ध्यान करतात. त्यांनी आम्हाला विचारले, की फादर, हे तेच ना? सावध राहणे तेच, असे आम्ही म्हणालो. श्वासाकडे लक्ष देऊन ज्याचे चित्त स्थिर होते त्याचे भलेच होते. फरक एवढाच की आपल्या पंधरा मिनिटांत समोर कोणीतरी बसलेला असतो. आपण दिवस नुसता पाहत नाही, तो कोणाला तरी दाखवतो. मूल शाळेतून आल्यावर वही उघडून आईला दाखवते, त्यात चुका असल्या तरी.

आता बदलांविषयी. इग्नेशियस यांनी एक नियम दिला आहे आणि तो आमच्या मते दर घराच्या भिंतीवर हवा. मन उदास, कोरडे, अंधारलेले असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. त्या काळात प्रार्थना वाढवावी, धीर धरावा, पण दिशा बदलू नये. आता हा नियम वसईच्या जमिनीवर आणून पाहा. वडील जाऊन चाळीस दिवस होत नाहीत तोच दलाल ओटीवर येऊन बसतो. भावाभावांत धुसफुस असते, आईचे डोळे सुकलेले नसतात, आणि कोणीतरी म्हणतो, एकदाचे विकून मोकळे होऊ. ‘मोकळे होऊ’ हे शब्द ऐकले की आम्ही कान टवकारतो. ज्या दुःखातून सुटण्यासाठी आपण सही करतो, ते दुःख वर्षभराने हलके होते. सही मात्र तशीच राहते. बावखले बुजवली तेव्हाही आपण मोकळेच होत होतो. डास गेले, सपाट जागा मिळाली. विहिरीचे पाणी मचूळ का झाले ते नंतर कळले.

जमीन विकूच नये असे आमचे म्हणणे नाही. आजारपण असते, मुलांचे शिक्षण असते. कधी विकावीच लागते, आणि ती शांत मनाने, सगळ्यांना विचारून विकली तर त्यात गैर नाही. प्रश्न विकण्याचा नाही, कोणत्या मनाने सही केली याचा आहे. तसेच नोकरी सोडणे, लग्न मोडणे, भावाशी अबोला धरणे, आणि हो, धर्मगुरूवर रागावून मिस्सेला येणे बंद करणे.

आणखी एक सांगायला हवे. काहीजणांचे उदासपण आठवड्यांनी सरत नाही. झोप जाते, भूक जाते, जगणे नको वाटते. अशा माणसाला ‘परीक्षण कर, जपमाळ म्हण’ एवढेच सांगून परत पाठवणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालायला सांगणे. त्याला डॉक्टरकडे न्यावे, आणि लाजू नये. इग्नेशियस यांचा पाय आधी वैद्यांनीच बसवला होता.

बदल म्हणजे काहीतरी चुकले, असेही नव्हे. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्याकडे पाहा. वसई किल्ल्यात येशूसंघीयांकडे शिकलेला हा मुलगा कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, तेथे भाषा शिकला, धर्मशिक्षक म्हणून राबला. येशूसंघात घ्यावे ही त्याची इच्छा पुरी झाली नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मग तो व्यापारी झाला, आणि यशस्वी झाला. पुढे तेही सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला. १५९३ साली फ्रान्सिस्कन जपानला गेले तेव्हा दुभाषी म्हणून त्याच्यावाचून चालणार नव्हते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर मारण्यात आले, आणि ८ जून १८६२ रोजी तो संत म्हणून घोषित झाला. जपानी भाषा तो ज्या वर्षांत शिकला, ती वर्षे त्याला वाया गेली असेच वाटले असेल. नाकारल्याच्या दिवशी कोणी त्याला सांगितले असते, की हेच शब्द तुला पुढे लागणार आहेत, तर त्याचा विश्वास बसला असता का, कोण जाणे.

इग्नेशियस यांचेही तसेच. यरुशलेममध्ये जन्मभर राहायचे ठरवून ते १५२३ साली तेथे पोहोचले, आणि तेथल्या फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना परत पाठवले. तिशी ओलांडलेला हा माणूस मग बार्सिलोनात पोरांच्या बाकावर बसून लॅटिन शिकला. त्याआधी मान्रेसा येथे त्यांनी केस आणि नखे वाढू दिली होती, कारण पूर्वी त्यांना त्यांचा फार डौल होता. काही महिन्यांनी त्यांनी ती कापून टाकली. आम्हाला हा प्रसंग करवतीच्या प्रसंगापेक्षाही मोठा वाटतो. बुटांसाठी हाड कापणे हे जसे नाटक, तसे वाढलेली नखे हेही नाटक होऊ शकते, हे त्यांच्या ध्यानात आले असावे. भक्तीचाही पोशाख असतो. तो अंगावरून उतरवणे अवघड, कारण त्याची लोक स्तुती करतात.

त्या भगिनीकडे आम्ही चार दिवसांनी गेलो. काय बोलावे ते ठरवून गेलो होतो, ते काही बोलता आले नाही. त्यांनी चहा केला. पतीच्या खुर्चीवर बसा म्हणाल्या. मग त्यांनी तासभर त्यांच्याविषयी सांगितले: केळीच्या वाडीत पहाटे कसे जात, रेडिओ किती मोठ्याने लावत, शेवटच्या महिन्यात दवाखान्यातून घरी न्या म्हणून कसा हट्ट धरला. प्रवचनात आम्ही जे बोललो होतो त्यातले एकही वाक्य त्या माणसाचे नव्हते, हे आम्हाला तेव्हा कळले. निघताना त्या म्हणाल्या, “फादर, आता विसरणार नाही तुम्ही.” त्यांचे नाव आता दर रात्री आमच्या पहिल्या पायरीत असते.

येत्या शुक्रवारी संध्याकाळच्या जपमाळेनंतर चर्चमध्ये हे परीक्षण सर्वांनी मिळून करण्याचे ठरवले आहे. वेदीजवळचे दोन दिवे सोडून बाकीचे बंद असतील. प्रवचन नाही, गायन नाही. पाचही पायऱ्या आम्ही एकेका वाक्यात सांगू आणि मध्ये गप्प बसू. ज्यांना गुडघे टेकवत नाहीत त्यांनी बसूनच राहावे. लहान मुलांना आणायला हरकत नाही. ती रडली तर रडू द्यावे. मोबाइल कृपया घरी ठेवून यावे. आमचा आम्ही ऑफिसच्या खणात कुलूप लावून ठेवू. छपराचे काम अजून पुरे झालेले नाही, तेव्हा डाव्या बाजूच्या मागच्या तीन बाकांवर पाऊस असल्यास बसू नये.